तेरा बांगड्या, विनासायास

"हात मऊ सोडा, वैनी. हा हात आपला न्हाईच असं समजा," गोदाक्का म्हणाल्या आणि माझा डावा हात त्यांनी स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये पकडला.

मी जन्मापासून कासारणींच्या पुढ्यात बसत आलेली बाई. यात्रेत, लग्नात, नागपंचमीला, कुठे कुठे बांगड्या भरल्या असतील त्याचा हिशेब नाही. पण माझा हात असा अडकित्त्यात सुपारी धरावी तसा गुडघ्यांत कुणी धरला नव्हता. मी यांच्याकडे पाहिलं. हे ओसरीच्या कडेला पोत्यावर बसून होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, यांना परतीच्या एस.टी.ची काळजी.

गोष्ट सत्त्याऐंशी सालातली, गाव रहिमतपूर. मला सातवा महिना होता. दोन दिवसांपूर्वी हे जेवता जेवता म्हणाले होते, "नलू, रहिमतपूरला एक कासारीण आहे म्हणे. तिच्यासारखा हिरवा चुडा सातारा जिल्ह्यात कुणी भरत नाही. ओटभरणाला तिच्याकडूनच भरू या." ज्या माणसाला लग्नानंतर दोन वर्षांत माझ्या साडीचा रंग एकदाही सांगता आला नव्हता, त्याच्या तोंडी चुड्याची भाषा! मी विरघळले. सातव्या महिन्यात बाई फार लवकर विरघळते, हे या नवरे लोकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक.

मला तेव्हा जे माहीत नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखं तुम्हाला कुणी भोळं म्हणणार नाही. हे एका विमा कंपनीत तपासनीस होते. कुणी अपघाताचा दावा लावला की त्याची खरीखोटी दुखापत बघून यायची आणि अहवाल लिहायचा, हे यांचं काम. नोकरी अजून कायम व्हायची होती. आणि गोदाक्का कोकीळ या यांच्या चालू 'प्रकरणा'चं नाव होतं. वर्षापूर्वी बाजारच्या दिवशी मागे येणाऱ्या विटांच्या टेंपोचं चाक गोदाक्कांच्या डाव्या हातावरून गेलं होतं. टेंपोचा विमा यांच्या कंपनीकडे. डॉक्टरांनी दाखला दिला होता की हात बरा झाला, अंगठ्यात जोर राहिला नाही. कंपनीचं म्हणणं, एका अंगठ्यानं काय अडतं? बाई अजून बाजारात बसते, बांगड्या विकते, मग नुकसान कसलं? गोदाक्कांचं म्हणणं, विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. विकायला काय, वाणीही विकतो. बाया त्यांच्याकडे यायच्या त्या भरायला, आणि ते काम गेलं म्हणजे पोट गेलं. यावर दावा साताऱ्याच्या कोर्टात अडकला होता.

तर आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा गोदाक्का आधी नाहीच म्हणाल्या. "मी आता भरत न्हाई, बाई. पायजे त्या घेऊन जावा, आन् जाऊबाईकडनं भरून घ्या. ती कोरेगावच्या बाजाराला गेलीया, उद्या यील." मग त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली. "कितवा?"

"सातवा."

"ओटभरणाचा चुडा?"

मी मान हलवली. गोदाक्का म्हणजे साठीच्या पुढची सुकलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"पोटुशी बाई हिरवा चुडा मागत दाराशी आली, तिला रिकाम्या हातानं माघारी लावलं तर माझी सासू वरनं खाली यील," त्या म्हणाल्या. "बसा."

यांनी ते ऐकून हळूच पाय लांब केले. आता आठवलं की मला कळतं, यांना या रिवाजाची आधीच माहिती होती. त्यासाठीच तर मला आणलं होतं.

बांगडी भरणं म्हणजे काय ते पुरुषांना सांगून कळत नाही. कासारीण एका हाताने गिऱ्हाइकाचा पंजा गोळा करते, अंगठ्याने पेरांवर दाब देते, हाडं जणू मेणाची करते, आणि दुसऱ्या हाताने बांगडी सरकवते. दाब चुकला की काच गेली. गोदाक्कांचा डावा अंगठा लाकडाच्या खुंटीसारखा बाजूला उभा राहायचा. म्हणून त्या माझा हात गुडघ्यांत धरायच्या, उजव्या हाताने पेरं दाबायच्या, मग तोच हात सोडून बांगडी उचलायच्या, आणि तेवढ्यात माझी पेरं परत जागेवर येऊन बसायची. कट्. पहिली गेली.

"वाढली," गोदाक्का म्हणाल्या. बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, त्यातून पोटुशीच्या हातात तर नाहीच नाही.

दुसरी वाढली, तिसरी वाढली. प्रत्येक वेळी त्या बांगडीखाली स्वतःचा तळहात धरायच्या, काचा त्यांच्याच हातावर. लहानपणापासून बांगड्यांच्या काचा गोळा करून खेळलेली मी, आपोआप मोजत गेले. भरताना वाढलेली बांगडी कासारणीच्या अंगावर, गिऱ्हाईकाच्या नाही, हा रिवाज. मला लाजेनं कसंतरी होत होतं.

"राहू द्या हो गोदाक्का. पाच पुरे झाल्या."

"पाच कशा पुरतील? डाव्या हातात सात, उजव्यात सहा. मोडका चुडा घालून मी पाठवनार न्हाई." त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं होतं. "आधी मी तासाभरात पंधरा बायांचे हात भरायची, वैनी. बोलत बोलत. पोरीला कळायचं पन न्हाई कवा भरल्या ते."

"मग हाताला काय झालं?" मी विचारलं. हे खोकले.

"टेंपो गेला त्याच्यावरनं. कंपनीचा एक मानूस आलता कागद घेऊन. म्हनला, ह्याच्यावर अंगठा उठवा, थोडं पैसं मिळतील, आन् पुना काय मागायचं न्हाई. मी म्हनलं, बाबा, अंगठा तर तुमच्या टेंपोखाली गेला, आता उठवू काय?" त्या मोकळेपणाने हसल्या. मीही हसले. हे घड्याळ बघत होते.

तेराव्या बांगडीला त्या म्हणाल्या, "आता त्या कोनाड्यातल्या देवीकडं तोंड करा, डोळं मिटा आन् मनात काय मागायचं ते मागून घ्या. शेवटची हाय." मी मागितलं. काय मागितलं ते सांगणार नाही, पण ते मिळालं आणि आता तिला दोन मुलं आहेत. डोळे उघडले तेव्हा तेरावी बांगडी मनगटात होती.

मी वाकून नमस्कार केला. गोदाक्कांनी उजव्या हाताने आशीर्वाद दिला, डावा पदराखाली घेतला होता. यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. "आठवण म्हणून," म्हणाले. मी दोन्ही हात उंच करून हसले आणि शेजारी गोदाक्का हसल्या. यांनी तेरा बांगड्यांचे पैसे दिले, अगदी तेराचे. जास्तीचे मी देऊ गेले तर त्या रागावल्या.

येताना 'एक तास चाळीस मिनिटं लागली' असं हे एस.टी.त म्हणाले, आणि इतके खुशीत की साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मला न विचारता पावशेर कंदी पेढे घेतले. तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला. यांचं अक्षर असं की कंपनीने दोन अहवाल 'वाचता येत नाही' असा शेरा मारून परत पाठवले होते. लग्न झाल्यापासून यांचा प्रत्येक अहवाल मी स्वच्छ उतरवून द्यायची आणि हे न वाचता सही करायचे. संसारात विश्वासाच्या बऱ्याच जागा असतात, त्यातली ही आमची एक.

पहिल्या पानावर नाव वाचलं. 'अर्जदार : गोदावरी नामदेव कोकीळ.' दुसऱ्या पानावर वाचलं. 'माझ्या पत्नीच्या दोन्ही हातांत अर्जदाराने माझ्यासमक्ष तेरा बांगड्या विनासायास भरल्या.' तिसऱ्या पानावर निष्कर्ष. 'अर्जदार आजही बांगड्या भरण्याचे काम करते. सोबत छायाचित्र.'

मी पेन खाली ठेवलं. हातातला चुडा खणखणला.

"अहो, मला तिथे चुड्यासाठी नेलं होतं की आमिष म्हणून?"

"दोन्ही झालं की," हे म्हणाले, आणि लगेच कळलं की चुकीचं बोललो.

"हे 'विनासायास' कुणाबद्दल लिहिलंय?"

"तिनं बांगड्या भरल्या का नाही?"

"भरल्या."

"तेराच्या तेरा हातात आहेत का नाही?"

"आहेत."

"मग झालं तर."

"म्हणजे उद्या मी दिवसभर कळा दिल्या आणि मूल झालं, तर तुम्ही लिहिणार, 'माझ्या पत्नीची प्रसूती विनासायास झाली'? मूल हातात आहे ना, मग झालं तर!"

यांनी कान चोळला. उत्तर नसलं की हे कान चोळतात, अजूनही. "नलू, पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही ते ठरतंय. साहेब म्हणाले, हे प्रकरण नीट आणा. मूल यायचंय. मला काय हौस आहे?"

खरं सांगते, त्या वाक्यानं माझा राग अर्धा उतरला. यांना हौस नव्हती, धास्ती होती. पण डोळे मिटले की मला ते नाकावर ओघळलेलं कुंकू दिसायचं, आणि उरलेला अर्धा राग काही केल्या उतरेना.

"मी हे लिहिणार नाही," मी म्हटलं.

"मग मी लिहितो." यांनी कोरा कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. आम्ही दोघांनीही त्या वाचायचा प्रयत्न केला. यांनाही जमलं नाही.

"द्या इकडे," मी म्हटलं.

चार वाजेपर्यंत मी तीन पानं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून दिली. यांनी चहा पीत पीत, नेहमीसारखी न वाचता, तिन्ही पानांवर सही ठोकली आणि पाकीट पोस्टात टाकून आले.

कोर्टाची तारीख महिन्याच्या आत लागली. कोर्टाच्या मानानं ही घाईच म्हणायची. यांना साक्ष द्यायची होती. मी म्हटलं, फोटोत मी आहे, मीही येते. यांनी वाद घातला नाही, आठव्या महिन्यातल्या बाईशी कोण घालतो? माझा अवतार बघून कोर्टाच्या शिपायानं स्वतःची खुर्ची आणून दिली. गोदाक्का समोरच्या बाकावर होत्या. त्यांनी आधी माझा चुडा पाहिला, मग माझ्या नवऱ्याला पिंजऱ्यात उभं पाहिलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण मी तेव्हा तिच्याही पोटात मावले नसते.

कंपनीचे वकील गानू. त्यांची पद्धत अशी की अहवालाचं शेवटचं पान वाचायचं, बाकीचा मजकूर म्हणजे नुसती भरती. त्यांनी यांच्याकडून निष्कर्ष वाचून घेतला, न्यायाधीशांना फोटो दाखवला, "बाई हसतायत बघा साहेब, दोघीही," असं म्हणाले आणि खाली बसले.

गोदाक्कांचे वकील भोईटे उठले. त्यांना अहवालाची प्रत त्याच सकाळी मिळाली होती आणि ती वाचायला वेळ झालेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वेळ काढायला म्हणून ते म्हणाले, "शेवाळेसाहेब, निष्कर्ष ऐकला. आता पहिल्यापासून सगळा अहवाल वाचा. सावकाश."

यांनी घसा साफ केला आणि सरकारी आवाजात सुरुवात केली. पहिलं पान निर्विघ्न पार पडलं. दुसरं पान उलटलं.

"'अर्जदाराने प्रथम काम करण्यास नकार दिला. गर्भवती स्त्रीस चुड्याविना परत पाठवू नये, या रिवाजामुळे ती तयार झाली. डाव्या अंगठ्याने दाब देता येत नसल्यामुळे...'"

हे थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, जणू अक्षर लागत नव्हतं. मग हळूच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी छतावरच्या पंख्याकडे पाहत होते. फार संथ पंखा होता.

"वाचा," भोईटे म्हणाले. त्यांची झोप उडाली होती.

"'...नसल्यामुळे तिने माझ्या पत्नीचा हात स्वतःच्या गुडघ्यांत धरला. तेरा बांगड्या भरण्यास एक तास चाळीस मिनिटे लागली. या कामात अकरा बांगड्या फुटल्या.'" कोर्टाच्या कागदावर 'वाढल्या' लिहून चाललं नसतं. "'काचा अर्जदाराने स्वतःच्या तळहातावर घेतल्या. माझ्या पत्नीच्या हातावर ओरखडा नाही. फुटलेल्या बांगड्यांचे पैसे अर्जदाराने घेतले नाहीत.'"

गानू ताडकन उठले. "साहेब, हा... हा मजकूर साक्षीदाराचा नाही!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "सही कुणाची आहे?"

"माझी, साहेब," हे म्हणाले.

"अक्षर?"

"माझ्या पत्नीचं."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि मला काही विचारायचं टाळलं.

"आणि मजकूर कुणाचा?"

घरी असताना हे सगळं सोपं वाटलं होतं. 'मी हे लिहिलेलं नाही' असं हे म्हणाले असते, तर ते शंभर टक्के खरं होतं. अहवाल कचऱ्यात गेला असता, नोकरी वाचली असती, आणि गोदाक्कांचं काम तिथंच संपलं असतं. यांनी कान चोळला. बराच वेळ चोळला. मग खिशातून एक चुरगळलेली वही काढली, तीच, जिच्यातलं अक्षर यांच्याशिवाय कुणाला लागत नसे.

"मजकूर खरा आहे, साहेब," हे म्हणाले. "वेळ बरोबर आहे, मी घड्याळ लावून बसलो होतो. पण एक चूक आहे, तेवढी दुरुस्त करून घ्यावी."

गानूंच्या जिवात जीव आला. "कुठली चूक?"

"अकरा नाही. बारा."

मी पंख्यावरून नजर खाली आणली.

"शेवटची बांगडी भरताना अर्जदाराने माझ्या पत्नीला देवीकडे बघून डोळे मिटायला सांगितलं. ती बांगडीही फुटली. चुड्याची शेवटची बांगडी फुटणं पोटुशीला अशुभ मानतात, म्हणून त्यांनी आवाज होऊ नये यासाठी ती पदरात दाबली. हाताला काच लागली. त्यांनी हात पदराखाली लपवला आणि दुसरी बांगडी भरली. पत्नीला हे माहीत नाही." यांनी वही मिटली. "मी पाहिलं होतं. टिपून ठेवलं होतं. अहवालात घातलं नव्हतं."

गोदाक्का पुटपुटल्या, "आता कशाला सांगायचं ते, पोरीच्या म्होरं..." आणि तिथे, भर कोर्टात, मला रडू फुटलं. शिपाई पाणी घेऊन धावला. त्याला वाटलं, कळा सुरू झाल्या.

निकाल सहा महिन्यांनी आला. डॉक्टरांनी अंगठा मोजला, पण कासारणीचा धंदा त्या अंगठ्यात होता, असं न्यायाधीशांनी लिहिलं आणि भरपाई त्या हिशेबानं द्यायला लावली. यांना कंपनीनं काढलं नाही. कायम केलं, पण तपासावर पुन्हा कधी पाठवलं नाही. निवृत्त होईपर्यंत हे जावक विभागात बसून दुसऱ्यांच्या पाकिटांवर तिकिटं लावत होते. त्याबद्दल मला एकदाही बोलले नाहीत. मीही कधी माफी मागितली नाही, फक्त त्या दिवसापासून यांना कधी घड्याळावरून टोकलं नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी आमच्या मुलीचं बारसं झालं. गोदाक्का आपण होऊन आल्या, रुमालात काळ्या मण्यांच्या इवल्याशा मनगट्या बांधून. माझ्याकडे न बघता त्या सरळ यांच्यापुढे बसल्या.

"सायब, माझा अंगठा चालत न्हाई, ते तुमी कोर्टात सांगितलंयच. आता धरा ह्या पोरीचा हात. असा. दाबू नगा, नुसता गोळा करा."

यांनी घाबरत घाबरत लेकीची पाच बोटं आपल्या चिमटीत गोळा केली. गोदाक्कांनी उजव्या हाताने मनगटी सरकवली. ती लोण्यातून जावी तशी गेली. लेक झोपेतून उठलीसुद्धा नाही.

हे त्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "विनासायास."

"आता लिहा," मी म्हटलं. "हवं तर मी उतरवून देते."